हेफ्रनबाईंच्या पुस्तकाचा खरा अभिप्राय

क्वामेना एसिलफींनी घानातल्या केप कोस्टच्या वाचनालयात पाऊल टाकलं ते वाचनाच्या ओढीने नव्हे, बायकोने घराबाहेर काढलं म्हणून. निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्याच स्वयंपाकघराची तपासणी करून अराबाला लेखी समज दिली होती. अराबाने तो कागद चुलीत घातला आणि म्हणाली, "एकुआचे पपा, दहा ते एक तुम्ही या घरात दिसायचं नाही. चर्चमध्ये जा, वाचनालयात जा, समुद्रात जा." चर्चला त्या दिवशी कुलूप होतं आणि समुद्राला भरती होती, म्हणून वाचनालय.

एसिलफींनी बत्तीस वर्षं सॅनिटरी इन्स्पेक्टरची नोकरी केली होती. लोकांच्या रांजणांची झाकणं उचलायची, आत डासांच्या अळ्या शोधायच्या, गटारात काठी घालून खोली बघायची आणि जे दिसलं ते लिहायचं. न दिसलेलं लिहिलं नाही आणि दिसलेलं सोडलं नाही, असा त्यांचा लौकिक होता. लौकिक म्हणजे काय, ते गल्लीत शिरले की बायका रांजण पालथे करायच्या. असा माणूस एकदम रिकामा झाला की त्याचं करायचं काय, याचा विचार सरकारने कधी केलेला नाही.

वाचनालयाच्या मिस एजिर यांना वरच्या कार्यालयाने फर्मान पाठवलं होतं की प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी 'वाचकाचे मत' असा कागद चिकटवावा. वर्षभरात त्या कागदांवर 'छान', 'फार छान' आणि एका ठिकाणी 'केळी, साबण, बॅटरी' एवढीच मतं जमली होती. एसिलफींनी पहिलंच पुस्तक उघडलं, शेवटी रिकामे रकाने आखलेला कागद पाहिला आणि त्यांच्या अंगात पुन्हा जीव आला.

पहिलं पुस्तक अद्भुत प्रकारातलं होतं. सहाशे पानं, एक शापित राजपुत्र आणि राजवाड्याच्या तळघरात राहणारा ड्रॅगन. एसिलफींनी ते चार दिवसांत संपवलं आणि मत नोंदवलं: 'सदर प्राणी तळघरात तीनशे वर्षं राहतो. मलनिस्सारणाची कसलीही सोय आढळली नाही. वरच्या मजल्यावर रोज मेजवान्या होतात आणि कुणालाही वास येत नाही, हे पटत नाही. राजपुत्र शूर आहे, पण सहाशे पानांत एकदाही आंघोळ करत नाही. नकाशा सुंदर. मात्र त्यात एक नदी डोंगरावर चढते, ती खाली उतरवावी.'

दुसरी होती प्रेमकथा. त्यावर लिहिलं: 'नायिका चौदा वेळा रडते, जेवते दोनदा. नायक काय कामधंदा करतो ते पान दीडशेपर्यंत कळत नाही. मुलीच्या बापाने आधीच विचारायला हवं होतं. ऐन मलेरियाच्या दिवसांत दोघं तासभर पावसात उभी राहतात, हा निव्वळ बेजबाबदारपणा. पान दोनशे एक वाचताना माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं. पंखा जवळ असल्यामुळे असेल.'

तिसरं पुस्तक पहाटे चारला उठून श्रीमंत कसं व्हावं याबद्दल होतं. त्यावरचं मत दोनच ओळींचं होतं. 'मी बत्तीस वर्षं पहाटे चारला उठलो. पुढचं वाचलं नाही.'

आता माणसाने गुपचूप वाचावं, गुपचूप लिहावं आणि घरी यावं, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण केप कोस्ट हे शाळामास्तरांचं गाव आहे, तिथे कुणी काही लिहिलं की दुसरा चष्मा लावून ते तपासायला येतोच. महिन्याभरात लोक पुस्तकं मागचं पान वाचण्यासाठी नेऊ लागले. कुणीतरी त्या कागदांचे फोटो काढून गावभर फिरवले. सरकारी इस्पितळातल्या चार नर्सा एका दुपारी गणवेशातच आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आमच्या नायिकेला रडकी म्हणालात. ते पुस्तक परत वाचा." एसिलफींनी परत वाचलं आणि दुरुस्ती केली: 'फेरतपासणीत पंधरा वेळा रडल्याचं आढळलं.' नर्सांनी खाली उत्तर लिहिलं, एसिलफींनी उत्तराला उत्तर लिहिलं आणि मिस एजिरना आणखी कागद जोडावे लागले. शेवटी वरच्या कार्यालयातून विचारणा आली की मूळ पुस्तकापेक्षा अभिप्राय जाड होत असेल तर कपाटात कुणाला जागा द्यावी, याचा खुलासा तीन प्रतींत करावा. तो खुलासाही एसिलफींनीच लिहून दिला. मिस एजिर सांगतात, तो वाचून वरचं कार्यालय चार महिने गप्प बसलं.

अराबा खूश होती. घर शांत होतं. आणि मग हेफ्रनबाईंचं पुस्तक आलं.

मॅडम जॉर्जिना हेफ्रन या मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या रस्त्याने जाताना साठ वर्षांच्या बायकाही चालता चालता पाठ ताठ करतात. त्यांचा मुलगा एबो जमीनमोजणी खात्यात होता आणि एसिलफींच्या एकुलत्या एक एकुआवर त्याचं तीन वर्षांपासून मन होतं. एकुआचंही त्याच्यावर होतं. सगळं जुळून आलं होतं. हेफ्रन मंडळी दारूच्या बाटल्या घेऊन रीतीप्रमाणे दार ठोठावायला येणार, मुलगी मागणार, तो शनिवारही ठरला होता. त्याच्या बरोबर दोन आठवडे आधी बाईंच्या आत्मचरित्राचं प्रकाशन होतं. 'कंदील विझला नाही' असं त्याचं नाव. छापील निमंत्रणपत्रिका घरी आली. अध्यक्ष अमुक, प्रमुख पाहुणे तमुक नाना, म्हणजे गावचे राजेसाहेब, प्रार्थना पाद्रीसाहेब आणि खाली ठळक अक्षरांत 'पुस्तक-परीक्षण: श्री. क्वामेना एसिलफी'.

एसिलफींची छाती दोन इंच फुगली. एकुआ मटकन खुर्चीत बसली.

"पपा, तुम्ही आजारी पडा," ती म्हणाली.

"का म्हणून? माझी प्रकृती उत्तम आहे."

"पपा, प्रकाशनात परीक्षण म्हणजे काय असतं माहिताय ना? उभं राहायचं, कौतुक करायचं, बसायचं. मग लोक पहिली प्रत बोली लावून घेतात आणि खिमा भरलेले मीट-पाय खातात. गटार तपासायचं नसतं!"

"आधी पुस्तक वाचू तर दे," एसिलफी म्हणाले आणि तिथेच चूक झाली. घानात आजवर हजारो पुस्तकांची प्रकाशनं झाली असतील, पण परीक्षण करण्याआधी पुस्तक वाचायची दुर्बुद्धी फार थोड्यांना सुचली असेल.

त्यांनी ते तीनदा वाचलं. वेष्टनावर 'संपूर्ण सत्यकथा' असं छापलं होतं. विसाव्या पानावर चार वर्षांच्या जॉर्जिनाने नुसती प्रार्थना करून खवळलेल्या समुद्रातून वडिलांची होडी किनाऱ्याला आणली. एक्केचाळिसाव्या पानावर तापाने फणफणलेल्या जॉर्जिनापाशी पांढऱ्या वस्त्रातला देवदूत येऊन बसला. साठ ते एकशे चाळीस या पानांत कै. हेफ्रनसाहेबांचं प्रेमप्रकरण होतं, त्यात साहेब इतके उंच होते की दारातून वाकून यायचे. मिस एजिर हवालदिल झाल्या. "मिस्टर एसिलफी, हे मी कुठल्या कपाटात ठेवू? सत्य, अद्भुत की प्रेमकथा?" एसिलफी म्हणाले, "तीन प्रती घ्या." पण खरं लिहायचं तर काय लिहावं लागेल हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

बातमी गल्लीत पोचायला आंबवलेल्या मक्याचे केंके-गोळे विकणाऱ्या सिस्टर मान्साचं टोपलं पुरेसं होतं. संध्याकाळी व्हरांड्यात सल्लागार मंडळ जमलं. त्यात अराबा, तिचे थोरले भाऊ वोफा बेन्टुम, म्हणजे एकुआचे मामा आणि घराण्याचे कर्ते, आणि तळलेल्या माशांसकट स्वतः मान्सा.

"बाइंडिंगबद्दल बोला," मान्सा म्हणाली. "माझ्या नणंदेचा स्वयंपाक मला आवडत नाही तेव्हा मी तिच्या ताटांचं कौतुक करते. बारा वर्षं झाली, आमचं भांडण नाही."

"बाइंडिंग सुटतंय," एसिलफी म्हणाले. "पान नव्वदपाशी."

"क्वामेना," वोफा बेन्टुम खाकरून म्हणाले, "पोरगी तुझी असली तरी आपल्यात मूल आईच्या घराण्याचं, म्हणजे आमचं. आमच्या बहिणीच्या मुलीचं लग्न तू एका देवदूतापायी मोडलंस, तर मी तुला जावई म्हणणार नाही."

"मी तुमचा जावई नाहीच. मेहुणा आहे."

"तेही म्हणणार नाही."

अराबाने नुसतं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. एकुआ तिथे इस्त्री करत होती, एकच ब्लाउज, पुन्हा पुन्हा. एसिलफींनी ते पाहिलं आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, "ठीक आहे. काय लिहायचं ते सांगा."

मंडळाने तीन रात्री खपून सहा पानांचं भाषण सिद्ध केलं. 'ही लेखणी नव्हे, सोन्याची नदी आहे' हे वोफांचं. 'प्रत्येक वाक्य मोती, प्रत्येक पान पेटी' हे मान्साचं. 'दोष शोधू गेलो तर माझेच डोळे दिपले' हे अराबाचं, आणि ते लिहिताना ती नवऱ्याकडे बघत नव्हती. मग सभेच्या समितीने भाषण आधी दोन प्रतींत मागितलं, वाचलं आणि 'अतिउत्तम' असा शिक्का मारून परत दिलं. खरं तर एवढ्यावर एसिलफींना शंका यायला हवी होती. नोकरीत असताना ज्या घरचा माणूस हसत हसत दार उघडायचा, तिथे ते आधी मागच्या अंगणात जायचे.

सभा नऊची होती म्हणजे सव्वाअकराला सुरू झाली. टाऊन हॉल भरला होता. पुढे नाना आणि त्यांची मंडळी, मग पाद्री, मग शाळेच्या माजी विद्यार्थिनी एकाच छापाच्या कापडात, तिसऱ्या रांगेत त्या चार नर्सा, आणि मागे तो सगळा गाव ज्याने एसिलफींचे कागद वाचले होते. एकुआ एबोशेजारी बसली होती. बाकीची भाषणं आटोपल्यावर एसिलफी नव्या सुटात उभे राहिले, घसा साफ केला आणि वाचू लागले.

"ही लेखणी नव्हे, सोन्याची नदी आहे."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"प्रत्येक वाक्य मोती, प्रत्येक पान पेटी."

तिसऱ्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. एसिलफींना वाटलं, मोत्यांचं जमलं नसेल. त्यांनी आवाज चढवला. "दोष शोधू गेलो तर माझेच डोळे दिपले!" आणि हॉल फुटला. माजी विद्यार्थिनी एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकून हसत होत्या, नाना पंख्याआड तोंड लपवत होते. मागून कुणीतरी ओरडलं, "इन्स्पेक्टर, झाकण उचला!" एसिलफींच्या आता लक्षात आलं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कशाची स्तुती केली नाही, तो सहा पानं स्तुती करतोय म्हणजे बाईंची जाहीर टिंगल चालली आहे, अशी सगळ्यांची खात्री झाली होती.

हेफ्रनबाई उठल्या. त्यांनी सूत्रसंचालकाच्या हातातला माइक काढून घेतला. हसू बंद पडलं.

"मिस्टर एसिलफी, हे परीक्षण आहे की मयताचं भाषण? मी अजून जिवंत आहे."

"मॅडम, मी..."

"मी वाचनालयात जाऊन तुमचा एकूणएक कागद वाचला. म्हणूनच तुमचं नाव सुचवलं. समिती नको म्हणत होती. ज्या माणसाने ड्रॅगनच्या संडासाची चौकशी केली, त्याला माझ्या पुस्तकात एक चूक सापडू नये? एवढं वाईट आहे का ते?"

शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज किंचित हलला. तो एसिलफींनी ऐकला. त्यांनी एकुआकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते. सुटलो तर दोन्हीकडून सुटलो, नाहीतर दोन्हीकडून बुडालो, असा हिशेब करून त्यांनी सहा पानांची घडी केली आणि खिशात घातली.

"वाईट नाही, मॅडम. लांब आहे. होडी प्रार्थनेने परत आली असं तुम्ही लिहिता, पण पुढच्याच पानावर तुमच्या वडिलांच्या तळहातांना फोड आलेले आहेत. वल्ही कुणी मारली? आणि एक्केचाळिसाव्या पानावर जो पांढऱ्या कपड्यात आला तो देवदूत नव्हे. इस्पितळातला कंपाउंडर होता."

"तो देवदूत होता!"

"मॅडम, त्याच्या खिशात थर्मामीटर आहे. तुम्हीच लिहिलंय."

"देवदूताकडे थर्मामीटर का असू नये?"

नर्सांनी टाळ्या वाजवल्या. त्या कुणाच्या बाजूने होत्या ते कळलं नाही.

"राहू दे देवदूत. पण हेफ्रनसाहेब. मी त्यांना ओळखत होतो. दर महिन्याला तुमचं अंगण तपासायला यायचो. भला माणूस. पण इतके उंच नव्हते. तुमच्या दाराखालून ते सरळ जायचे, वरती चार बोटं उरायची."

हेफ्रनबाईंनी माइक खाली केला आणि पुन्हा वर घेतला. "माझ्यासाठी होते," त्या म्हणाल्या.

"मग तसं लिहा. ऐंशी पानांत ते एक वाक्य नाही."

एसिलफींना आता थांबता येत नव्हतं. "आणि एकशे बेचाळिसाव्या पानापासून अठरा पानं आहेत. तुम्ही मुख्याध्यापिका झालात तेव्हा शाळेत मुलींसाठी एकही संडास नव्हता. मोठ्या मुली महिन्यातले पाच दिवस घरी राहायच्या, मग कायमच्याच घरी राहायच्या. तुम्ही चार वर्षं अर्ज केले. साहेब लोक हसले. शेवटी तुम्ही कार्यालयाच्या पायरीवर जाऊन बसलात. आज इथे एवढी माणसं बोलली, त्या अठरा पानांचं नाव कुणी काढलं नाही, नानांसमोर असा विषय कसा काढायचा म्हणून. मॅडम, बत्तीस वर्षं मी त्या खात्यात होतो. असलं काम मला जमलं नाही. ती अठरा पानं मी तीनदा वाचली, तिन्ही वेळा मला माझीच लाज वाटली. बाकीचं पुस्तक नसलं तरी चालेल. एवढं राहू दे."

ते बसले. बाईही बसल्या. माजी विद्यार्थिनींतली एक प्रौढ बाई उभी राहिली, मग दुसरी, मग ती सगळी एकरंगी रांग. प्रती संपल्या, मीट-पाय संपले, पण हेफ्रनबाई एसिलफींशी एक शब्द न बोलता गाडीत बसून गेल्या.

पुढचे दोन आठवडे एसिलफींच्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. एबोचा फोन यायचा: आई खोलीचं दार लावून बसते, जेवण आत मागवते, काही विचारलं की 'शनिवारी बघू' म्हणते. वोफा बेन्टुम रोज येऊन एसिलफींशेजारी बसायचे, फक्त उसासा टाकायला. मान्साने सांगितलं की बाजारात दोन पक्ष पडलेत, देवदूत आणि कंपाउंडर. एकुआ बापाला चहा द्यायची, पण साखर विचारायची नाही. एसिलफी बिनसाखरेचा प्यायचे. आपण बरोबर बोललो याबद्दल त्यांना शंका नव्हती. पण त्या 'बरोबर'ची किंमत पोरीने भरायची का, या प्रश्नाला त्यांच्या कुठल्याही छापील नमुन्यात रकाना नव्हता.

शनिवारी भाड्याच्या खुर्च्या मांडल्या. आठची वेळ होती. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. अराबा तिसऱ्यांदा अंगण झाडत होती. पावणेदहाला फाटकाशी दोन गाड्या थांबल्या आणि हेफ्रनबाई उतरल्या, मागे त्यांची मंडळी, बाटल्या, आणि घामाघूम एबो.

दारातच त्या एसिलफींसमोर थांबल्या. डोळे जागरणाने लाल होते. "दुसरी आवृत्ती दुरुस्त करत होते," त्या म्हणाल्या. "होडी वडिलांनीच वल्हवली. देवदूत मात्र राहणार."

"राहू दे," एसिलफी म्हणाले. त्यांनी बाईंसाठी खुर्ची पुढे ओढली.

पुढचं रीतीप्रमाणे झालं. हेफ्रनांच्या वतीने बोलणारे म्हातारबाबा उठून म्हणाले की जाता जाता या अंगणात एक फूल दिसलं, ते मागायला आलोय. वोफा बेन्टुमनी अर्धा तास भाव खाल्ला. मग एकुआला बाहेर बोलावलं. मुलीला तीनदा विचारायचं असतं, या लोकांच्या बाटल्या घ्यायच्या का. ती तीनदा हो म्हणाली की ठरलं. वोफा म्हणाले, "बोलायची हौस आहे ना, क्वामेना? विचार तूच."

"एकुआ, घ्यायच्या का?"

"घ्या."

"नीट विचार कर. घ्यायच्या का?"

"घ्या. पण थांबा, पपा." एकुआने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. "तिसऱ्यांदा विचारण्याआधी तुमचं मत सांगा. एबोबद्दल. साऱ्या गावाला खरं सांगता, मलाही सांगा."

अराबाने कपाळावर हात मारला. एबो उभा राहिला, पुन्हा बसला, पुन्हा उभा राहिला. एसिलफींनी त्याला बुटांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"मला हे जमणार नाही," ते शेवटी म्हणाले. "इन्स्पेक्टरने स्वतःच्या घरची तपासणी करायची नसते. खात्याचा नियम आहे. हा माझी मुलगी घेऊन चाललाय, मी याच्याबद्दल खरं बोलूच शकत नाही. तुला ऐकायचंच असेल तर ऐक. मला हा मुळीच आवडत नाही." ते थांबले. "दुसरा कुणी आला असता तर याहून कमी आवडला असता."

एकुआ हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. एसिलफींनी तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला, तरी फुटेना. वोफा बेन्टुम पायाखालची फरशी बघत होते. तेव्हा समोरच्या रांगेतून हेफ्रनबाई उठल्या. मुलाच्या आईने तिथे तोंड उघडायचं नसतं, पण त्या एसिलफींच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या वतीने म्हणाल्या, "तुझे पपा विचारतायत, बाळ. घ्यायच्या का?"

"घ्या," एकुआ म्हणाली, आणि जाऊन बापाला बिलगली.